मंजुरीचे पेढे

पेढ्याची मला किळस येते. भूम तालुक्यातल्या, खवा बनवणाऱ्या घरात वाढलेल्या बाईनं असं बोलणं शोभत नाही, पण येते त्याला काय करू? कुणी पुढं केला आणि मी हात मागं घेतला की विचारतात, "शुगर हाय का बाई?" मी हो म्हणून मोकळी होते.

आमच्या दारातच भट्टी आहे. सकाळी गावातलं दूध येतं, भल्यामोठ्या कढईत पडतं, खाली बाभळीची लाकडं पेटतात आणि मग लांब दांड्याच्या उलथन्यानं ते घोटत राहायचं. हात थांबला की दूध बुडाला लागतं आणि अख्ख्या खव्याला जळका वास येतो. त्यामुळं धूर डोळ्यांत जावो नाहीतर छातीत, कढईसमोरून हलायचं नाही. माझा थोरला भाऊ आयुष्यभर तिथं उभा राहिला. त्याच्या गळ्यात माळ होती. विडीला त्यानं कधी बोट लावलं नाही.

खोकला लागला तेव्हा त्यानं तो लपवला. आमच्याकडं सगळेच लपवतात, कारण भट्टीवरचा माणूस खोकतो हे व्यापाऱ्याच्या कानावर गेलं की तो खवा उचलायचं बंद करतो. लपवणं अशक्य झालं तेव्हा टीबी समजून गोळ्या सुरू झाल्या. सोलापूरला मोठ्या मशीनमध्ये घातलं तोवर फुप्फुसातला कॅन्सर हाडांत उतरला होता. तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "विडी किती वर्षांपासून?" आणि तेराव्याला जेवायला आलेले लोकही तेच कुजबुजत होते, चोरून ओढत असणार म्हणून. आमचीच बुंदी खात. त्या चघळणाऱ्या तोंडांचा मला आलेला वीट अजून गेलेला नाही.

भावामागं वहिनीनं उलथनं हातात घेतलं. तिचा खवा कधी जळाला नाही. व्यापारी चवसुद्धा न बघता उचलायचे. पण पुढं तीही पदराआड खोकायला लागली. सोलापूरला चल म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर, "धुराचा हाय वन्सं, जाईल. अन् माझं एकटीचं नाव झालं तर आपल्याकडं दूध कोण घालंल?"

तिचं खरं होतं. एकटीला नेलं तर बोभाटा होणार. सगळ्या भट्ट्यांवरच्या सगळ्यांचीच एकदम तपासणी झाली, तर मात्र कुणाकडं बोट दाखवायला जागा राहत नाही. शाळेतून निवृत्त झाल्यामुळं मला वेळ होता. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सीटी स्कॅनचं मशीन बसवा, भट्टीवाल्यांची दरवर्षी तपासणी करा आणि हा धूर फुप्फुसांचं काय करतो त्याच्या संशोधनाला निधी द्या, एवढ्या तीन मागण्या घेऊन मी आमच्या भागातल्या पुढाऱ्यांकडं गेले. त्यांना सगळे साहेब म्हणतात.

साहेबांच्या तोंडात गुटखा होता. मान वर करून, छताकडं बघत ते बोलले, कारण मान खाली केली असती तर माझ्या निवेदनावर सडा पडला असता. "संशोधन? ते मुंबई-दिल्लीला होत असतंय बाई. लोकांला म्हणावं तंबाकू सोडा." मग पिंक टाकून आले, निवेदन हातात धरून फोटो काढला आणि मला चहा पाजला. मी पुन्हा गेले. पुन्हा फोटो. त्यांच्या वाढदिवसाला आरोग्य शिबिर भरलं; फ्लेक्सवर 'फुप्फुस तपासणी', आत एक वजनकाटा आणि रक्तदाबाचं यंत्र. बायका वजन करून घरी गेल्या.

निवडणूक जवळ आली आणि एकाएकी चौकात मांडव उभा राहिला. 'सीटी स्कॅन मशीन मंजूर!' कधी येणार, असं मी एका कार्यकर्त्याला विचारलं. तो म्हणाला, "मंजूर झालंय की. आता यायचं काय, येतंय." वाटायच्या पेढ्यांसाठी खव्याची ऑर्डर आमच्याच भट्टीवर आली. मी नको म्हणत होते. वहिनी ऐकेना. "तुमच्या खटपटीचे पेढे हायत, वन्सं. ते मी न्हाय तर कुणी घोटायचं?"

स्टेजवर मला शाल घातली. साहेबांनी पेढा माझ्या तोंडाशी आणला, बघत होते मात्र कॅमेऱ्याकडं. त्यांच्या लालसर बोटांकडं न बघता मी तोंड उघडलं. वेलदोडा भसाभसा घातलेला होता. त्याच्या खालून जळक्या दुधाचा वास आला.

सगळा मांडव बोटं चाटत होता. वहिनीचा हात थांबला होता. भाऊ गेला त्या दिवसांतही जो थांबला नव्हता, तो हात कढईवर थांबला होता.

मी पेढा हातावर थुंकले.

"काय झालं बाई? ग्वाड न्हाय व्हय?"

"जळलाय."

"खावा हो, लोक बघायलेत," साहेब हसू न मोडता म्हणाले. मी त्यांनी घातलेल्या शालीलाच हात पुसला आणि खाली उतरले.

घरी वहिनी भट्टीपाशी होती. पेढे कमी पडले म्हणून दुसरी कढई चढली होती. एका हातानं ती भिंत धरून खोकत होती, दुसऱ्या हातानं घोटत होती. मला बघून खोकला गिळायला गेली, पण जमलं नाही.

"एकदाच थांबला हात, वन्सं," ती म्हणाली. "कळलं व्हय लोकांला?"

"लोकांना कळलं नाही. मला कळलं. उद्या सोलापूरला जायचं."

"अन् दूध?"

मी तिच्या हातातलं उलथनं काढून घेतलं आणि बाजूला ठेवलं. कढई तशीच राहू दिली. चौकातून भोंग्यावर साहेबांचं भाषण ऐकू येत होतं. थोड्या वेळानं दूध बुडाला लागलं, धुरकट करपट वास गल्लीभर पसरला, आणि शेजारणी एकेक करून दारात आल्या. आमच्या भट्टीवर कुणीतरी आजारी आहे, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.