शिंदेबाईंचा चिखल

शिंदेबाई मुलींकडून मातीची माणसं, घरं करून घ्यायच्या आणि उठताना त्यांच्याच हातानं सगळं बादलीत बुडवायला लावायच्या. मी विद्यार्थिनींच्या संघटनेत काम करायचे; पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चिडलेच. बाई म्हणाल्या, "वाळलं की लोक मार्क द्यायला येतात, पुढारीणबाई. इथं ते न्हाई चालत."

बाई मुरुडच्या, निवृत्त चित्रकला शिक्षिका. लातूरला डॉक्टर व्हायला आलेल्या मुलींच्या एका खासगी वसतिगृहात एकीनं जीव दिला. मालकीणबाईंनी खोलीला रंग मारला आणि तेरावं व्हायच्या आत तिचा पलंग नव्या मुलीला दिला. धंदा थांबायला नको ना. तिच्याच खोलीतली मीरा, हिमायतनगरची, तेव्हापासून बोलेना. पोरगी अभ्यासात मागं पडली, एवढीच क्लासवाल्यांची तक्रार.

बाई त्या वसतिगृहाच्या गच्चीवर माती घेऊन बसायच्या. मीराला काही विचारायच्या नाहीत. "मळ गं, कणकेगत. बोलायची घाई न्हाई." मीरा रोज तेच करायची: एक खोली, दोन पलंग. रोज बुडवायची. मी फोटो मागितला. आमच्या मोर्चात फलकावर लावला असता, शहराला दिसलं असतं.

"तिचं दुखणं हाय ते. तुझं पत्रक न्हाई," म्हणत बाईंनी मला हाकललं. मला ते आजही पटलेलं नाही.

एके दिवशी मीरा बादलीपाशी थांबली. "बाई, ही नाही मोडायची."

बाईंनी बादली बाजूला सारली. "बरं. वाळू दे."

पालकसभेत मीरानं ती खोली मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवली. "काकू, हा तिचा पलंग. तिची आई बघायला आली होती. तुम्ही तिला खालूनच परत पाठवलंत."

"त्या मास्तरीणबाईंची नाटकं," मालकीणबाई म्हणाल्या. बाईंना फाटक बंद झालं. आता बाई नाहीत, आणि त्या इमारतीवर आणखी एक मजला चढलाय.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मीरा गावी निघाली, तेव्हा बाई स्टँडवर आल्या होत्या, मीही होते. तिच्या वडिलांनी हात जोडले. "बाई, फुडल्या साली परीक्षेला बसंल ना पोरगी?"

"दादा, लेकरू काल इतक्या दिसांनी चारचौघांत बोललं. तुम्ही काय ऐकलं ते सांगा आधी."

वडिलांनी पिशवी उचलली. मग नांदेडच्या गाडीत चढले, मीराशेजारी टेकले. खिडकीतून आम्हाला त्यांचा आवाज आला.

"ती तुझी मैत्रीण... कशी होती गं?"