पत्रकातून गाळलेली ओळ

शेलूबाजारच्या जीपथांब्यावर मी ओरडून पत्रकं वाटत होतो. पत्रकात होतं: टायटॅनियम डायऑक्साइडची अतिसूक्ष्म पूड हवेत फवारा, उन्हातले अतिनील किरण पडले की ती धुरातले विषारी वायू मोडते. मग प्रशासन झोपलंय कायले?

दम्यानं धापणाऱ्या चहावाल्या काकांनी पत्रक दोनदा वाचलं.

"धूर मोडला, पोरा. मंग थे पूड कुठी जाते? ड्यूटी संपली का घरी?"

मी पुढचं पत्रक जीपमधल्या बाईच्या हातात दिलं.

"माह्या छातीतच जाईन ना?"

ती श्वासातून फुप्फुसात जाते, हे मी वाचलं होतं. घोषणेचा जोर जाईल म्हणून ती ओळ मीच गाळली होती; तसं काकांना सांगून टाकलं.

"आता लिव," काका म्हणाले.

उरलेल्या पत्रकांवर मी ती हातानं लिहिली. वाटलेली पत्रकं तोवर जीपांतून किन्हीराजा गावाकडे निघून गेली होती.