डिस्क गेल्याची खातरजमा

तो मला कधीच आवडला नाही. रत्नागिरीत एकाच शेठच्या दुकानात आम्ही कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करायचो. एकाच वर्षी डिप्लोमा झालेले, एकाच टेबलाला समोरासमोर बसणारे. मी इथल्या बाजारपेठेत वाढलेला, तो संगमेश्वरकडच्या खेड्यातून आलेला. तरी लोकांना तोच हवा असायचा. लांज्याच्या काजूच्या कारखान्यात मी गेलो तर मला चहा मिळायचा. तो गेला की त्याला जेवायला ठेवून घ्यायचे. येताना त्याच्या पिशवीत ओले काजूगर असायचे. त्यातले निम्मे तो माझ्यापुढे ठेवून "घे रे" म्हणायचा. मी घ्यायचो, आणि त्यामुळे आणखी जळायचो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जिल्ह्यात कॉम्प्युटर बोटावर मोजण्याइतके, काही पतपेढ्यांत, एखाददुसऱ्या कारखान्यात. त्यातले बरेचसे आमच्या शेठनंच विकलेले, आणि सगळ्यांत एकाच कंपनीची हार्ड डिस्क. हा माल मुंबईहून ज्यांच्याकडून यायचा त्यांना पुण्याच्या ऑफिसात एक माणूस हवा होता. तुमच्या दोघांतला एक जाणार, असं शेठनं आम्हाला सांगून टाकलं होतं. मला पुण्याला जायचं होतं. त्या वयात दुसरं काही मला इतकं हवंसं वाटलं नव्हतं, आणि तो गेला तर माझं काय होईल याचा विचारसुद्धा मला सहन होत नव्हता.

तशात गणपती आले. आमच्याकडे गणपतीत ऑफिसं उघडी असली तरी आत कोणी नसतं. गौरी जाईपर्यंत सगळे आपापल्या गावी. जाताना लोकांनी मशिनांवर प्लास्टिकची कव्हरं चढवली, वर जुन्या चादरी टाकल्या, खिडक्या लावून घेतल्या. बाहेर पाऊस चालूच होता. विसर्जनानंतर माणसं परतली, मशिनं चालू केली, आणि दुकानातला फोन थांबेना. आमची डिस्क गेली. आमचीपण गेली. देवरुखची गेली म्हणे, दापोलीची तर पहिल्याच दिवशी गेली म्हणे.

यानं जागचं न हलता मुंबईला कळवून टाकलं की डिस्का चांगल्या आहेत, दोष डिस्क चालवणाऱ्या कार्डावरच्या चिपमध्ये आहे, तिच्यात कायमच्या भरलेल्या प्रोग्रॅममध्ये. त्या प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात हेही त्यानंच आम्हाला सांगितलं, आणि शेठ तो शब्द दिवसभर तोंडात घोळवत बसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एकही मशीन न उघडता हा शहाणा ठरला!

मुंबईवाले मात्र म्हणाले, आधी खातरजमा करा. एवढ्या डिस्का खरंच गेल्यात की नुसती आवई आहे? गेल्या असतील तर कशानं?

"तू जा," शेठ मला म्हणाला. "त्याचं त्यानंच तपासून कसं चालेल?"

मी एसटीत बसलो तो देवदर्शनाला निघाल्यासारखा. त्याला खोटा पाडायची इतकी चांगली संधी मला पुन्हा मिळणार नव्हती.

आधी लांज्याला गेलो. कारखान्याच्या मॅनेजरनं दारातच विचारलं, "ते नाय आले?" संगमेश्वरच्या पतपेढीतही तेच. मी ओठ आवळून मशीन चालू केलं. पडद्यावर एररचा आकडा आला. लोकांच्या सवयीप्रमाणे मीही लगेच बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा तोच आकडा. दोन्हीकडे तसंच. कव्हराच्या आतल्या बाजूला पाणी सुटलेलं होतं. मला हर्ष झाला. दमट हवेनं डिस्का खराब झाल्या, चिपचा काही संबंध नाही! परतीच्या गाडीत मी रिपोर्टची वाक्यंसुद्धा जुळवली.

राहिली होती देवरुखची पतपेढी. तिथं सकाळी लवकर पोचलो तर हेडक्लार्क म्हणाले, "आमचा चालू हाय."

"म्हणजे गेलंच नव्हतं?"

"गेलावता ना! पन आता रोज गाऱ्हानं घालतो, मंग चालतो. बघा तुमी."

त्यांनी मशीन चालू केलं. पडद्यावर तोच आकडा आला. मी बटणाकडे हात नेला तर त्यांनी मला अडवलं. मशीनपुढे नारळ ठेवला, उदबत्ती लावली आणि डोळे मिटून सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, आज तुजी लेकरा तुज्या दारात हुबी हायत..." मागे शिपाई आणि कॅशियर हात जोडून उभे. "होय म्हाराजा!" ग्रामदेवतेपासून वेशीवरच्या राखणदारापर्यंत सगळ्यांना हाक मारून झाली, कोणाची काही चूकभूल झाली असेल तर पदरात घ्यायला सांगून झालं. मग त्यांनी कीबोर्डवरची तीन बटणं एकदम दाबली. मशीन बंद न करता नव्यानं सुरू करायची ती युक्ती त्यांना शिकवली होती कोणी, तर त्यानंच.

आणि मशीन मुकाट्यानं चालू झालं.

मी खुर्चीत बसलो. बाकीच्यांनी आकडा बघताच वीज तोडली होती, मीसुद्धा. इथं गाऱ्हाणं संपेपर्यंत वीज चालू राहिली होती. डिस्कमधली तबकडी दमट हवेत पडून जड झालेली, तिला वेग घ्यायला वेळ लागत होता. चिपमधला प्रोग्रॅम ठरलेला वेळ वाट बघायचा आणि डिस्क गेली म्हणून मोकळा व्हायचा. इथं तिला गाऱ्हाण्याएवढा वेळ मिळाला आणि ती वेगात आली.

मी तसाच उठून संगमेश्वरला गेलो, तिथून लांज्याला. गाऱ्हाणं न घालता नुसता थांबलो आणि तीन बटणं दाबली. दोन्ही मशिनं चालू झाली. पुढे फोनवरून सांगून दापोलीचंही चालू झालं. एकही डिस्क गेलेली नव्हती. दोष चिपमध्येच होता.

म्हणजे तो बरोबर होता. हे गिळायला मला फार जड गेलं. पण का ते मी शोधलं होतं, एकट्यानं, आणि ते पोटात ठेवणं मला जमणारं नव्हतं. मी सगळं खुलासेवार लिहिलं. डिस्का कुठं कुठं तपासल्या, वीज चालू ठेवल्यावर काय झालं, चिपनं किती घाई केली. चिप एवढी समजून घेणाऱ्याला सोडून पुण्याला दुसऱ्या कोणाला नेतील, असं माझ्या स्वप्नातही आलं नाही.

मुंबईहून उत्तर आलं. पहिला अहवाल तपासणीत अचूक ठरला आहे, तो देणाऱ्याला पुण्याला पाठवावं. शेठनं मला शाबासकी दिली. "तुझ्यामुळे त्याचं काम झालं बघ," म्हणाला. आयत्या बिळावर नागोबा कसा बसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. बीळ माझं होतं, आणि ते मीच खणून दिलं होतं.

त्याला सोडायला स्टँडवर मी गेलो. न जाणं फार उघड दिसलं असतं. गाडी लागली तसा तो मला बाजूला घेऊन हसत म्हणाला, "खरं सांगू? ते चिपचं मी ठोकून दिलं होतं रे. मुंबईच्या एकानं असंच काहीतरी बोललेलं ऐकलं होतं. तू जाऊन बघितलंस म्हणून वाचलो, नाहीतर काय झालं असतं!"

कंडक्टरनं घंटा दिली. तो चढला, खिडकीतून हात हलवत राहिला. मीही हात हलवला. त्याच्या त्या नोकरीचं मला पुढे एवढं वाईट वाटलं नाही. पण हे त्यानं मला विश्वासानं सांगितलं, मित्र समजून, ते मी त्याला आजवर माफ केलेलं नाही.