साडूंची पारख

माझ्या साडूंइतका गडगडाटी माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरा नाही, आणि लपतछपत चालण्याच्या खेळांची त्यांच्याइतकी पारख असलेला माणूस बहुधा अख्ख्या महाराष्ट्रात नसेल. ते शिंकले की खालच्या मजल्यावरच्या बाई गॅसवरचा कुकर उडाला का ते बघायला धावतात. निफाडकडच्या बागांमधून द्राक्षांची खरेदी करण्यात त्यांची उभी हयात गेली. बागेच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या माणसाशी भाव ठरवायचा, ही सवय. तोच आवाज ते इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये समोरच्या खुर्चीत बसलेल्या माझ्यासाठी वापरतात. आणि हाच माणूस टीव्हीसमोर मांडी घालून बसला, हातात कंट्रोलर घेतला, की पडद्यावरच्या चोराला भिंतीच्या सावलीतून इतक्या हळुवारपणे पुढे न्यायचा की बघणाऱ्यानेही श्वास रोखून धरावा.

हा नाद त्यांना पन्नाशी उलटल्यावर लागला. मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेली आणि तिचं ते गेम खेळायचं यंत्र टीव्हीखाली तसंच राहिलं. "पोरीची वस्तू हाय, धूळ नको बसायला," म्हणून साडूंनी ते एकदा चालू केलं, ते कायमचंच. बंदुका, मोटारींच्या शर्यती, तलवारींची खणाखणी असलं काही त्यांना चालत नाही. "कापाकापीला काय अक्कल लागती?" त्यांना लागतात जादूची नगरं, उंच बुरूज, कंदील घेऊन फिरणारे पहारेकरी, आणि त्या सगळ्यांना चुकवून एखादा मंतरलेला मुकुट पळवणारा एकटा चोर. पहारेकऱ्याला मारणं त्यांना मान्य नाही. एकदा मी घाबरून एकाच्या पाठीत सुरी खुपसली, तर त्यांनी खेळ थांबवला. "साडूभाऊ, तो पगारी माणूस हाय. घरी कुणी वाट बघत असल त्याची. भांडण राजाचं, त्यात ह्याचा जीव कशाला?" मी माफी मागितली. कोणाची ते ठाऊक नाही, पण बसमध्ये दुसऱ्याने माझ्या पायावर पाय दिला तरी माफी मीच मागतो, असा माझा स्वभाव आहे. दोन पहारेकरी गप्पा मारत उभे असले तर साडूंचा चोर पिंपामागे निमूट उभा राहायचा, त्या गप्पा संपेपर्यंत. "मधेच निघून जाणं बरं दिसत नाय," म्हणायचे.

नवीन गेम घेण्यासारखा आहे की नाही, हे नात्यातली सगळी तरुण मंडळी त्यांना विचारत. पुण्याला नोकरी करणारी त्यांची पुतणी तर त्यांच्याखेरीज कोणाचंच ऐकत नसे. त्यांची तपासायची रीत बागेतली. घड चाखायचा तर खांद्याकडचा मणी कोणीही तोडतो, तो आधी पिकलेला असतो. साडू शेंड्याचा मणी तोडणार, कारण तो सगळ्यांत शेवटी गोड होतो. आणि घडही रस्त्याकडेचा नाही, मांडवाच्या पार आतला. गेममध्येही त्यांचा चोर राजाच्या दिवाणखान्याकडे ढुंकून बघायचा नाही. तो थेट कोठारात, जिन्याखाली, नोकरांच्या न्हाणीघरात. जिथे कोणी जाणार नाही तिथेही गेम करणाऱ्याने एखादी फुटकी घागर, खुंटीला अडकवलेला सदरा ठेवला असेल, तर साडू मान डोलवत. रिकामी खोली सापडली की फोनवर निकाल जाई, "माल कच्चा हाय, राहू दे." एकदा त्यांनी निकाल दिला की इंटरनेटवर लाख लोकांनी टाळ्या वाजवल्या असल्या तरी पुतणी तो गेम घेत नसे.

या विद्येचा उपयोग त्यांनी घरीही करून पाहिला. साखरेमुळे श्रीखंड बंद झालं, तेव्हा भर दुपारी भिंतीला पाठ लावून, चपला हातात घेऊन ते फ्रिजकडे निघाले. एवढा मोठा देह, पण पावलाचा आवाज नाही. माझी मेव्हणी, म्हणजे आमच्या ताई, पलीकडे पेपर वाचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सावलीत उभं राहिलं म्हणजे माणूस दिसत नाही, हे तुमच्या टीव्हीत. इथं पोट आधी येतं, मग तुम्ही." साडू तिथेच थबकले आणि मला म्हणाले, "बघा, असा पहारेकरी एकाही गेममध्ये नाय." आवाजात केवढा अभिमान होता!

गेल्या दिवाळीत पुतणीने एका नव्या गेमची चौकशी केली. त्यात घुबडाच्या तोंडाचे पहारेकरी होते आणि चोराला आपली सावली अंगावेगळी करून पुढे पाठवता येत असे. साडू हरखून गेले. पण दोन दिवसांनी मी गेलो तर चेहरा उतरलेला. "कच्चा हाय. चोर हळू चालतच नाय. जरा दांडी ढकलली की पळत सुटतो, की घुबडं आली अंगावर." अंगठ्याखालची ती छोटी दांडी अलगद रेटली की चोर दबकत चालतो, जोरात रेटली की धावतो; एवढंच ते तंत्र. ते आंघोळीला गेले तेव्हा मी कंट्रोलर उचलला. माझ्यासारख्या धांदरट माणसाच्या हाताखालीही चोर मांजरासारखा चालत गेला. घुबडाच्या पुढ्यातून गेला, कंदिलाची वात हलली नाही.

मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली. साडू हल्ली चहा अर्धाच कप घेत होते. बोलताना डावा हात उजव्या काखेत दाबून ठेवत होते. ते टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, "बघितला का? कसाय?"

मी म्हणालो, "कच्चाच आहे."

का म्हणालो? त्यांना बरं वाटावं म्हणून, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. खरं म्हणजे मला भीती वाटली. त्या माणसाला "दोष तुमच्या हातात आहे" हे सांगणारा मी व्हायला नको होतो. पुतणीला निकाल कळवला गेला. दिवाळी गेली, संक्रांत आली, बागांमध्ये काढणी सुरू झाली. मी दर रविवारी जात होतो, अर्धा कप चहा बघत होतो, आणि ताईंशी हवापाण्याच्या गप्पा मारून परत येत होतो.

एका रविवारी साडूंनी कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला. "तो घुबडांचा लावा. तुम्ही खेळा, मी बघतो."

मी दांडी मुद्दाम जोरात रेटली. चोर पळाला, पिंपाला धडकला, घुबडं धावून आली. मी पुन्हा तसंच केलं. "खरंच हो, फारच कच्चा आहे," मी म्हणालो.

"साडूभाऊ," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका हळू मी पहिल्यांदाच ऐकला, "मुद्दाम धडपडू नका. नीट चालवा."

मी नीट चालवलं. चोर भिंतीला लागून निघाला, त्याची सावली सुटून पुढे गेली, घुबडाने मान फिरवली आणि त्याला काही दिसलं नाही. साडू टक लावून बघत होते. चोर जिन्याखाली पोचला, तिथे कोणाची तरी वाळत घातलेली गोधडी होती. मग त्यांनी काखेतला हात काढून गुडघ्यावर ठेवला आणि तो हलताना आम्ही दोघांनीही पाहिला.

"चांगला हाय गेम," ते म्हणाले.

त्यांनी तिथल्या तिथे पुतणीला फोन लावला. नेहमीच्या, भाव सांगायच्या आवाजात बोलले. "अगं, कच्चा म्हणलो होतो ना मी? चुकलो. एक नंबर हाय, डोळे झाकून घे. नाय गं, गेममध्ये दोष नाय. माझा हात हलतो, म्हणून त्यो चोर पळत होता. हां, घे तू."

ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. हाताला कणीक तशीच. त्यांनी साडूंकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "कधीपासून?"

मी कंट्रोलर खाली ठेवला.

"दिवाळीपासून," साडू म्हणाले. "त्यांच्याकडं नको बघू. त्यांना मीच गप्प बसवलं होतं."

त्यांनी मला कधीच गप्प बसवलं नव्हतं. त्या गोष्टीवर आमचा एक शब्दही झाला नव्हता. ताई इतकंच म्हणाल्या, "उद्या डॉक्टरांकडे जायचं," आणि साडू म्हणाले, "जाऊ."

आता औषधं चालू आहेत. आधी आला असतात तरी फार फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. ते खरंच तसं आहे की माझ्यासारखंच कोणाचं तरी मन राखायला म्हणाले, हे विचारायचं धाडस मला झालेलं नाही. ताई मला पूर्वीसारखाच चहा देतात. मला गप्प बसवल्याचं साडूंचं ते वाक्य खोटं होतं, हे मी ताईंना अजून सांगितलेलं नाही.

रविवारी मी जातो. कंट्रोलर माझ्या हातात असतो, आणि साडू शेजारी बसून डावीकडे, उजवीकडे, थांबा, असं सांगतात. नगर जवळजवळ पार झालं आहे. एकच बुरूज राहिला आहे. त्याच्या दाराशी आम्ही कितीतरी आठवडे येऊन थांबलो आहोत. मी दांडीवर अंगठा ठेवतो आणि त्यांच्याकडे बघतो. साडू दाराकडे जरा वेळ बघत बसतात, मग म्हणतात, "आज राहू द्या, साडूभाऊ." मी राहू देतो.