लॉगबुकावरचं कुंकू

बाळांनो, तुमच्या आत्याने परदेशात विमान चालवण्याचा खासगी परवाना काढला, हे तुम्हाला ठाऊक आहे. तो भारतात तसाच चालत नाही, हे मला मात्र ती कराडला परत आल्यावर कळलं. इथल्या परवान्यासाठी हवाई नियमांची परीक्षा, मेडिकल, तिकडच्या विमान खात्याचं पत्र आणि लॉगबुक, म्हणजे प्रत्येक उड्डाणाची नोंदवही, एवढं हवं होतं. नाही जमलं तर ती परत जाणार होती. हे तिने जेवताना सांगितलं आणि माझा घास हातातच राहिला.

मी लगेच फाइल केली, रंगीत चिठ्ठ्या लावल्या. परीक्षा झाली, मेडिकल झाली. दसऱ्यानंतर कागद दिल्लीला जायचे होते.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं पुजतात. आजोबांनी पाटावर उसाचे कोयते, ट्रॅक्टरची किल्ली, फौजेतला चाकू मांडला. म्हटलं, पोरीचं हत्यार का मागे राहावं? आत्या अंघोळीला गेली होती. मी लॉगबुक उघडून ठेवलं, पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं. पान नेमकं तिच्या एकटीच्या लांब उड्डाणाचं, परवान्याला हवंच असलेलं. शिक्षकाची सही लाल ओघळात विरघळली.

"आई! अगं, हे काय केलंस?"

"पूजा."

"पूजा करायची व्हती, आंघूळ न्हाई घालायची," आजोबा म्हणाले. कुणी हसलं नाही.

तिने पानाचा फोटो जोडून तिकडच्या शिक्षकाला ईमेल केली, सहीसाठी नवं पत्र मागितलं. मला चैन पडेना. पुसलेले डबे पुन्हा पुसले, फाइल दोनदा नव्याने लावली.

"आलं का गं उत्तर?"

"आई, तिकडे आत्ता रात्र आहे."

दुपारी पुन्हा तेच. कराडच्या विमानतळाच्या धावपट्टीकडून आवाज आला की मी गच्चीवर जायची, विमान दिसेनासं झालं की खाली यायची. तिची मोठी बॅग माळ्यावरून कुणी काढली तर नाही ना, हेही बघून यायची.

नवव्या दिवशी उत्तर आलं. सहीचं नवं पत्र, आणि खाली एक प्रश्न: पानावर हे लाल कसलं? आत्याने काय लिहिलं ते मी तिच्या खांद्यावरून वाचलं: 'माझ्या आईने विमानाची पूजा केली.'

कागद गेले, परवाना आला. बॅग माळ्यावरच राहिली.

यंदा खंडेनवमीला मी लॉगबुक मागितलंच नाही. तिनेच आणून पाटावर ठेवलं, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत.

"लाव," ती म्हणाली, "पण वरून."