तांब्याची उंची

पाहुण्यापुढे गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या ठेवला की मला ती कातकऱ्यांची वाडी आठवते. ऐंशीच्या दशकात, कॉलेजात असताना, मी आणि माझा मित्र रत्नागिरीहून पालीमार्गे घाटाखालच्या रानात भटकायला गेलो होतो. भर दुपारी तिथे काळोख, कुजलेल्या पानांचा वास, पायांना जळवा. घशाला कोरड पडली तेव्हा ती वाडी लागली. एका म्हातारीने अंगणात गोणपाट टाकून आम्हाला बसवलं, पण पाणी काही विचारलं नाही. दारात मडकं तर पाझरत होतं. मी मित्राला म्हटलं, "कसली माणसं! आपल्याकडे आल्याआल्या गूळपाणी देतात." तिने ते ऐकलं. आम्हाला मागच्या झऱ्यावर नेलं, एका झाडाची रुंद पानं दाखवली आणि स्वतः लांब उभी राहिली. "पान तुमीच तोडा, पाणी तुमीच घ्या. माजा हात लागला नाय, म्हंजे तुमच्या घरी कोन बोलायचा नाय." मी ऐटीत म्हटलं, "आजी, मडक्यातलंच द्या. आम्ही तसलं काही मानत नाही." ती हसली. "मग मी तुमच्या दारात आले, तर तांब्या माज्या हातात द्याल?" मला आमच्या घराचं मागचं दार आठवलं; तिथे मोळी घेऊन येणाऱ्या बाईच्या ओंजळीत आई उंचावरून पाणी ओतायची, आणि मी शेजारीच उभा असायचो. मी मान खाली घालून पान तोडलं. आजही कुणाला पाणी देताना, माझा हात किती उंचावर आहे, ते मी आधी बघतो.