पिशवीवरची निळी फुली

कूझ्मा चेर्नॉफला एकही गोष्ट धड आवडायची नाही, आणि आवडली नाही हे सांगायला तो कधी विसरायचा नाही. चौतीस वर्षं त्यानं लाकडाच्या गिरणीत फळ्यांची प्रत ठरवायचं काम केलं. पट्ट्यावरून फळी समोर यायची, कूझ्मा ती उलटीपालटी करायचा, गाठ बघायचा, चीर बघायचा आणि निळ्या मेणखडूनं खूण ओढायचा. एक रेघ म्हणजे उत्तम, दोन म्हणजे चालेल, फुली म्हणजे फेकून द्या. पाच सेकंदांत निकाल. निवृत्त झाला तेव्हा गिरणीनं घड्याळ दिलं, ते त्यानं कुणालातरी देऊन टाकलं. खडूंचं खोकं मात्र न विचारता उचलून आणलं. तेव्हापासून शर्टाच्या खिशात खडू असायचाच, आणि फुली मारण्याजोग्या गोष्टींना कॅनडातल्या आमच्या स्लोकनच्या खोऱ्यात काय तोटा! शेजाऱ्याचं नवं कुंपण, दुकानातलं मऊ पडलेलं गाजर, एकदा तर गायनमंडळाच्या वहीतलं एक स्तोत्र. फार लांबलं म्हणे.

फुलीतून सुटली ती एकटी एल्सी, त्याची बायको. तो तणतणायला लागला की ती हसायची, आणि ती हसली की त्याला पुढचं सुचायचं नाही. तीन वर्षांपूर्वी ती गेली. मागे राहिलं तिचं झाड.

एल्सीला तिशीतच संधिवातानं धरलं होतं. सकाळी बोटं उघडायची नाहीत. १९९४ साली नदीपलीकडच्या एका दाढीवाल्यानं तिला ओल्या फडक्यात गुंडाळून गांजाची एक फांदी दिली. ते दिवस असे होते की झाड घरात सापडलं तर माणूस तुरुंगात जायचा, आणि ऑगस्टमध्ये पोलिसांची हेलिकॉप्टरं डोंगर हुंगत फिरायची. एल्सीनं ती फांदी लोणच्याच्या बरणीत रुजवली आणि धुण्याच्या खोलीत ट्यूबलाइटखाली वाढवली. ओढायची नाही ती कधी. फुलं लोण्यात कढवायची, मेण घालून मलम करायची आणि निम्म्या खोऱ्याच्या गुडघ्यांना पुरवायची. झाड थकायच्या आत त्याची फांदी तोडून नवं रुजवायचं, त्याची पुन्हा फांदी. बी कधी धरलंच नाही. म्हणजे तीस वर्षं एकच झाड जगत आलं होतं, आणि ते मेलं असतं तर तसलं दुसरं जगात कुठे मिळणार नव्हतं.

कायद्यानं घरटी चार झाडांची मुभा दिल्यावर कूझ्मानं झाडं तळघरात नेली. मातीच्या जमिनीचं जुनं तळघर, त्याच्या आईनं जिथे गाजरं वाळूत पुरून ठेवलेली असायची ते. तिथे चांगला दिवा टांगला, पंखा लावला. झाडं बादल्यांत. गावच्या सभागृहाच्या स्वयंपाकघरात आंबट सायीच्या ज्या पांढऱ्या बादल्या यायच्या, त्या एल्सीनं मागून आणल्या होत्या, तापलेल्या खिळ्यानं तळाला भोकं पाडली होती आणि मुळांना उजेड लागू नये म्हणून बाहेरून काळा रंग दिला होता. रंगात एका जागी तिच्या अंगठ्याचा ठसा होता. कूझ्माच्या दृष्टीनं बादल्यांचा प्रश्न तिथेच संपला होता.

मग नेली आली. कूझ्माची धाकटी बहीण. कॅमलूप्स शहरात तीस वर्षं लोकांचे केस कापले, नवऱ्याशी काडीमोड घेतला आणि अडुसष्टाव्या वर्षी दोन पेट्या घेऊन आईबापांच्या घरी परतली. दोघांत लहानपणापासून विस्तव जात नव्हता. आल्या दिवशी बोर्श्ट सूपचा वाडगा पुढ्यात असतानाच तिनं विषय काढला.

"घरटी चार," नेली म्हणाली. "आपण माणसं दोन. दोन तुझी, दोन माझी."

"घर माझं आहे."

"घर आईबापांचं. तू फक्त त्यातून कधी उठला नाहीस."

आठवड्याभरात तिनं तळघरात दोन राखाडी रंगाच्या पिशव्या आणून ठेवल्या. जाड लोकरीसारखं कापड, दोन बाजूंना कान.

"हे काय? बटाट्याची पोती?"

"कुंड्या आहेत. कापडाच्या. चहूकडून हवा लागते. मूळ कडेला आलं की त्याचं टोक हवेनं सुकतं आणि मागून दहा नवी फुटतात. तुझ्या बादलीत ते बिचारं भिंत लागली की गोल गोल फिरत बसतं."

"तीस वर्षं फिरतंय. काही बिघडलं नाही."

"तूही तसाच फिरतोयस. तुझं काय बरं चाललंय?"

कूझ्मानं खिशातून खडू काढला आणि तिच्या देखत दोन्ही पिशव्यांवर दारातून दिसेल अशी एकेक फुली ओढली. नेलीनं तिकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं फक्त दोन फळ्या मागितल्या, पिशव्या मातीवर नकोत म्हणून. शेडमध्ये फळ्यांची थप्पी छताला लागलेली होती.

"फळी झाडाला लागत नाही," कूझ्मा म्हणाला. शब्दशः खोटं, आणि तेही गिरणीतल्या माणसाच्या तोंडून!

तिला परसात एक तुटका तुकडा मिळाला. त्यावर एकच पिशवी मावली, तीत तिनं विकतचं रोप लावलं. दुसरी अजून रिकामीच, कोपऱ्यात मातीवर राहिली, जुन्या गाजरांच्या जागी.

त्या दिवसापासून कूझ्मानं नियम केला की पिशव्यांकडे बघायचं नाही. तळघरात गेला की तो पाठ फिरवून उभा राहायचा. पण मार्चमध्ये त्याच्या दोन बादल्यांपैकी एकीतलं झाड पिवळं पडलं आणि गेलं. दुसऱ्याचीही खालची पानं गळायला लागली.

"ते उलटं करून मुळं तरी बघ," नेली जिन्यावरून म्हणाली. "त्यांनीच गळफास घेतलाय. पाणी निथळत नाही, तळाला चिखल झाला असणार. माझी एक पिशवी अजून रिकामी आहे, तीत लाव."

"एल्सीनं बादली केली. एल्सीला काय कळत नव्हतं?"

"एल्सी दर वर्षी नवी फांदी लावायची रे! तू तीन वर्षं तेच झाड त्याच बादलीत कोंबून ठेवलंयस."

"तुझं तोंड आधी बंद कर. तू आलीस आणि माझं झाड मेलं. मला एवढंच दिसतं."

खरं होतं तिचं. तीन वर्षं त्याच्यानं फांदी तोडवली नव्हती. एल्सीच्या हातची शेवटची झाडं होती ती. त्यांना कात्री लावायची म्हणजे तिचं काहीतरी कापल्यासारखं वाटायचं. पण हे तो बहिणीला सांगणार? सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही. त्याच्यातही नाही आणि तिच्यातही नाही.

जुलैमध्ये नेली गायनमंडळाबरोबर नऊ दिवस दूर सास्काचेवान प्रांतात निघाली. बस दारात उभी, आत बायका आधीच गायला लागलेल्या, आणि ही पायरीवरून ओरडतेय.

"रोज सकाळी पाणी! कूझ्मा, ऐकतोयस का? पिशवीतलं पाणी टिकत नाही, चारही बाजूंनी उडून जातं. रोज!"

"बादलीला चौथ्या दिवशी पाणी. झाड म्हणजे झाड. तुझी काय आभाळातून पडलीत?"

"तुझ्यापुढे हात जोडते," नेली म्हणाली. हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेल. कूझ्माला ते ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणूनच त्यानं ठरवलं की चौथ्या दिवशीच घालायचं.

चौथ्या दिवशी तो पाण्याचा मग घेऊन खाली उतरला. मान वळवून दोन्ही पिशव्यांत एकेक मग ओतला. कोरड्या ठणठणीत मातीनं पाणी धरलंच नाही. फळीवरच्या पिशवीच्या कडेतून ते सरळ बाहेर आलं आणि त्याच्या बुटावर पडलं.

"गळकी," तो म्हणाला. "बहिणीसारखीच. काही पोटात राहत नाही."

सहाव्या दिवशी बादलीतलं उरलेलं एल्सीचं झाड आडवं झालं. संध्याकाळी मान टाकली होती, सकाळी खोडच मऊ लागलं. कूझ्मानं शेवटी बादली उलटी केली. मातीचा गोळा अख्खा बाहेर आला, आणि माती दिसेचना. नुसती मुळं, बादलीच्या आकाराला चिकटून फेऱ्यावर फेरे मारलेली, दोरखंडाच्या वेटोळ्यासारखी. तळाची तपकिरी, बुळबुळीत. वास डबक्याचा. गिरणीत पाच सेकंदांत निकाल देणारा माणूस, पण इथे तो पाच मिनिटं, किती तरी वेळ उभा राहिला. मग वर जाऊन कात्री आणली, वरच्या आठ फांद्या तोडल्या आणि एल्सीच्या त्याच लोणच्याच्या बरणीत ठेवल्या. पुढच्या तीन दिवसांत तो जेवला ते फक्त पाव आणि मीठ. दर तासाला बरणी बघायचा.

नवव्या दिवशी सकाळी आठही फांद्या बुडापासून काळ्या पडल्या होत्या.

कूझ्मा रडला नाही. त्याला संताप आला. ज्याचा राग यायला हवा होता तो माणूस त्याच्याच बुटांत उभा होता, म्हणून त्यानं जवळचं दुसरं काहीतरी शोधलं. एल्सीचं गेलं ना, मग हिचं कशाला हवं? दुपारी नेली यायच्या आत या तळघरात हिरवं पान उरू द्यायचं नाही. फुल्या मारल्यापासून तो पहिल्यांदाच पिशव्यांकडे वळला.

फळीवरचं झाड वाळून काटकी झालं होतं. पिशवी उचलली तर हाताला वजनच लागेना. ती त्यानं जिन्याकडे भिरकावली. कोपऱ्यातलं मात्र हिरवं होतं. जरा मलूल, पण हिरवं. पाणी मिळालं नसताना हे जगलंच कसं, या विचारानं त्याचा भडका आणखीच उडाला. त्यानं दोन्ही कान धरले आणि उपसलं.

पिशवी उठेना.

एकाहत्तर वर्षांचा असला तरी गडी गिरणीतला. पाय रोवले आणि एक हिसका दिला. खालून कापड फाटल्यासारखा आवाज आला, पिशवी एका बाजूनं वर आली आणि झाड त्याच्या छातीवर कलंडलं. पानं त्याच्या शर्टावर घासली, आणि वास आला. शेपूचा, आणि त्याखाली ताज्या चिरलेल्या लाकडाचा.

तो वास जगात एकाच झाडाला होता. एल्सीच्या ओढणीला यायचा, उशीला यायचा.

कूझ्मानं पिशवी होती तशी खाली टेकवली, इतक्या हळू की गुडघ्यांतून कळ गेली. वाकून बघितलं. कापडातून पांढरी मुळं बाहेर पडून खालच्या मातीत शिरली होती. आईच्या गाजरांच्या ओल्या मातीत. उचललेल्या बाजूची तुटून लोंबत होती. दुसऱ्या बाजूची अजून धरून होती. हे झाड त्यानं नऊ दिवस तहानेनं मारलं होतं, आणि आता स्वतःच्या हातांनी अर्धं तोडलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली, उघडी नागडी लाज, कुणावर ढकलता येणार नाही अशी.

दुपारी नेली पेटीसकट जिन्यात आली, तेव्हा तो बादली उपडी घालून तिच्यावर बसला होता आणि चहाच्या कपानं पिशवीत घोटघोट पाणी सोडत होता. पायरीवर वाळलेलं झाड पडलेलं होतं.

"मारलंस," नेली म्हणाली. "दोन्ही?"

"एक. दुसरं..." त्यानं पिशवीकडे बोट केलं. "हे एल्सीचं आहे."

"माहितीये मला कुणाचं आहे. तुझं पहिलं मेलं त्या आठवड्यात दुसऱ्याची फांदी तोडून मीच लावलंय."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू उपटलं असतंस. माझ्या हातनं जगलेलं तुला चाललं असतं?" ती खाली वाकली, तुटलेली मुळं तिनं बघितली आणि तिचा आवाज चढला. "अरे राक्षसा! न सांगताही उपटलंसच की!"

कूझ्मानं मान हलवली आणि आणखी एक घोट पाणी सोडलं. तो तिच्या तोंडाला तोंड देईना, तेव्हा तीच गडबडली.

"एल्सी माझीही कुणीतरी होती," ती म्हणाली. "माझे वाईट दिवस होते तेव्हा तूही फोन उचलत नव्हतास. ती उचलायची."

कूझ्मानं कप खाली ठेवला. "रोज किती घालायचं?"

"एक मग. सावकाश. पळून जात नाही कुठे ते. आणि आज दोन फांद्या मी काढणार आहे, मध्ये पडलास तर कात्री तुला लावेन."

"पिशवीत लावशील ना?" त्यानं विचारलं.

नेलीनं त्याच्याकडे नीट बघितलं, चेष्टा करतोय का म्हणून. मग पायरीवरच्या पिशवीतलं वाळलेलं झाड झटकून टाकलं आणि पिशवी त्याच्या अंगावर फेकली. "माती तूच भर. फुकटचं बसून काय करतोस?"

दोन्ही फांद्या रुजल्या. कोपऱ्यातलं झाड पंधरा दिवस मान टाकून होतं, मग एका बाजूनं फुटलं. बहीणभाऊ अजून भांडतात, तेवढ्याच जोरात. एल्सीची बादली शेडमध्ये पालथी आहे, अंगठ्याचा ठसा वर करून.

फुली काढायचा कूझ्मानं बराच प्रयत्न केला. गरम पाणी, साबण, कुंचला, एकदा सुरीनं खरवडूनही झालं. लाकडावरचं मेण रंध्यानं निघतं, कापडात मुरलेलं निघत नाही. मग त्याला वाटलं, निदान पिशवी फिरवून ती बाजू भिंतीकडे करावी. हात पिशवीच्या कानांपर्यंत गेले, आणि मग आठवलं की मुळं जमिनीत गेलेली ती पिशवी आता फिरवता येत नाही. रोज सकाळी सहा वाजता तो पाण्याचा मग भरून खाली उतरतो, आणि फुली दाराकडे तोंड करून असते.